फ्लूनंतर एसजीपीटी वाढलं म्हणजे लिव्हर बिघडलं का?

फोंड्याच्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय. त्यांचे यजमान 42 वर्षांचे, वजन 58 किलो. जुलैच्या पावसात घरभर सर्दी-खोकला-ताप फिरला. आधी मुलाला झाला, मग ताईंना, शेवटी यजमानांना. त्यांचा ताप पाच दिवस राहिला, 103 पर्यंत गेला, अंग मोडून आलं, जेवण तुटलं. डॉक्टरांनी 'व्हायरल' म्हणून सांगितलं. ताप गेला तरी अशक्तपणा हटेना, म्हणून सातव्या दिवशी रक्त तपासलं. एसजीपीटी 168, एसजीओटी 121, बिलिरुबिन 0.9. दोन आकड्यांपुढे लाल खूण. शेजारच्या काकींनी 'ही कावीळच' असं ठरवून गावठी औषध देणाऱ्याचा नंबर दिला, केमिस्टने लिव्हर टॉनिकची बाटली दिली आणि ताईंनी घरात फोडणी बंद केली. त्या विचारतात: छातीतला विषाणू खाली लिव्हरमध्ये उतरला का? लिव्हर कायमचं गेलं का? आणि शेवटी मुलाबद्दलही एक शंका आहे.

मी डिचोलीत फिजिशियन आहे आणि पावसाळ्यात असे रिपोर्ट हातात घेऊन येणारी माणसं मला नवी नाहीत. ताई, तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'बहुधा नाही' असं आहे. पण तुमच्या पत्रात एक ओळ अशी आहे की तिच्याकडे मी एसजीपीटीच्या आकड्यापेक्षा जास्त लक्ष देईन. ती गोळ्यांची ओळ. तिच्याकडे येतेच.

आधी आकडे काय सांगतात ते पाहू. एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आत काम करणारी एन्झाइम. पेशी दुखावली की ती रक्तात झिरपतात. बहुतेक लॅबमध्ये चाळीसच्या आसपासपर्यंत नॉर्मल धरतात. म्हणजे 168 हे साधारण चौपट झालं. ऐकायला मोठं वाटतं, पण लिव्हरच्या हिशेबात ही किरकोळ वाढ आहे. कावीळ 'ए' किंवा 'ई' झालेल्या माणसाचं एसजीपीटी हजार-दोन हजार सहज दाखवतं, आणि त्यातलेही बहुतेक जण पूर्ण बरे होतात. एन्झाइम लिव्हरला लागलेला मार दाखवतात, लिव्हर काम करतंय की नाही ते दाखवत नाहीत. ते पाहायचं तर बिलिरुबिन (कावीळ झाली की वाढतो तो पिवळा पदार्थ), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन) आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, म्हणजे पीटी-आयएनआर. यजमानांचं बिलिरुबिन 0.9 आहे, नॉर्मल. तेव्हा आजच्या घडीला त्यांना कावीळ नाही. काकींना हे सांगा.

एसजीओटीबद्दल आणखी एक. ते स्नायूंमध्येही भरपूर असतं. फ्लूमध्ये पोटऱ्या-मांड्या ठणकतात तेव्हा स्नायूच दुखावलेले असतात आणि एसजीओटी लिव्हरला हात न लागताही वाढू शकतं. एसजीओटी जास्त आणि एसजीपीटी कमी असा रिपोर्ट आला की मी सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) तपासायला सांगते, म्हणजे माल कुठल्या घरातला आहे ते कळतं. तुमच्याकडे उलट आहे, एसजीपीटी वरचढ आहे. तेव्हा यातला बराच भाग लिव्हरचाच, असं धरून चालू. मात्र एसजीओटी रक्तातून लवकर उतरतं, एसजीपीटीला जास्त वेळ लागतो. सातव्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात हा फरक थोडा त्यामुळेही असेल.

आता छातीतल्या आजाराचा लिव्हरशी संबंध काय? फ्लूचा विषाणू नाक, घसा, श्वासनलिका आणि फुप्फुसं इथे वाढतो. साध्या फ्लूमध्ये तो लिव्हरमध्ये जाऊन घर करत नाही. तरी एन्झाइम वाढतात. कारण लढाई फुप्फुसात चालली तरी सैन्य रक्तातून सगळीकडे फिरतं. विषाणूला मारायला तयार झालेल्या टी-पेशी रक्ताबरोबर लिव्हरमध्ये येतात आणि तिथल्या बारीक वाहिन्यांत अडकतात. लिव्हरमध्ये कुप्फर नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी कायमच्या वस्तीला असतात, त्या यांना पाहून चेकाळतात, आणि या धुमश्चक्रीत शेजारच्या लिव्हर पेशींना झळ बसते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसंच. 2006 साली फ्लूवर झालेल्या अभ्यासात हे नीट दिसलं होतं: एन्झाइम वाढलेले, पण उंदरांच्या लिव्हरमध्ये विषाणूचा पत्ता नाही. फुप्फुसातला संसर्ग विझला की ही झळही विझते. त्याचा व्रण मागे राहत नाही.

कोविडमध्ये चित्र थोडं वेगळं होतं. तो विषाणू ज्या एसीई-2 नावाच्या दारातून पेशीत शिरतो, ती दारं पित्तनलिकेच्या पेशींवर भरपूर असतात, लिव्हरच्या मुख्य पेशींवर फार कमी. तरीही दवाखान्यात भरती झालेल्या अनेकांचे एन्झाइम वाढले ते मुख्यतः दाह, औषधं आणि कमी पडलेला ऑक्सिजन यांनी. शेवटचं कारण महत्त्वाचं. ऑक्सिजन खाली गेला, रक्तदाब पडला की लिव्हरला रक्त पुरत नाही आणि एक-दोन दिवसांत आकडे हजारांत जातात. हे आयसीयूतल्या रुग्णाचं. घरी बसून पेज पिणाऱ्या माणसाला ते लागू नाही, पण धाप लागत असेल तर लिव्हरचा रिपोर्ट बाजूला ठेवून आधी बोटाला ऑक्सिमीटर लावा.

म्हणजे तुमच्या घरातल्या 168 चं पहिलं संभाव्य कारण फ्लू स्वतः. दुसरं कारण तुम्ही सहज लिहून गेलात: 'ताप उतरेना म्हणून 650 ची गोळी दिवसातून चार वेळा, आणि सर्दीची गोळी सकाळ-दुपार-रात्र.'

सर्दीच्या गोळीचं पाकीट कचऱ्यात गेलं नसेल तर काढून मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन यांच्या जोडीला 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. 650 ची गोळीही पॅरासिटामॉलच. आता बेरीज करा. 650 गुणिले चार म्हणजे 2600. 500 गुणिले तीन म्हणजे 1500. एकूण 4100 मिलिग्रॅम. निरोगी, भरपेट जेवणाऱ्या प्रौढ माणसासाठी चोवीस तासांची वरची हद्द 4000 आहे. तुमचे यजमान 58 किलोचे, पाच दिवस धड जेवलेले नाहीत, आणि शनिवार-रविवारी 'थोडी घेतात'. या तिन्ही गोष्टी हद्द खाली आणतात. पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये एका विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचं रसायन त्याला लगेच निकामी करतं. उपाशी माणसाचा ग्लुटाथायोनचा साठा आटतो. नियमित दारू घेणाऱ्याचं लिव्हर विषारी भाग जास्त बनवतं. जमा कमी, खर्च जास्त.

आणि हे फक्त पुस्तकातलं नाही. निरोगी स्वयंसेवकांना चौदा दिवस रोज 4 ग्रॅम पॅरासिटामॉल देऊन पाहिलं तेव्हा साधारण एकतृतीयांश किंवा त्याहून जास्त जणांचं एसजीपीटी हद्दीच्या तिपटीपलीकडे गेलं. त्यांना ताप नव्हता, उपास नव्हता. तेव्हा तुमच्या 168 मध्ये फ्लूचा वाटा किती आणि गोळ्यांचा किती, हे कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. दोघांचाही असावा, असं माझं मत. खऱ्या पॅरासिटामॉल विषबाधेत आकडे हजारांत जातात आणि आयएनआर चढतो. तसं इथे दिसत नाही, त्यामुळे घाबरू नका. पण पुन्हा ताप आला तर गोळी एकच नाव ठरवून घ्या. न जेवणाऱ्या, हलक्या वजनाच्या माणसाला मी दिवसाला 2 ग्रॅमच्या पुढे शक्यतो जाऊ देत नाही. म्हणजे 500 च्या चार, आणि सर्दीची मिश्र गोळी बंद.

याच पाकिटांच्या ढिगात आणखी दोन नावं शोधा. एक निमेसुलाइड. ताप झटकन उतरतो म्हणून लोक मागून घेतात, पण ते लिव्हरला त्रास देणारं औषध म्हणून बदनाम आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात 2011 पासून बंदी आहे. दुसरं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. फ्लूवर प्रतिजैविकाचा उपयोग शून्य, तरी 'कोर्स करून टाकू' म्हणून ते दिलं जातं. त्याने होणारी कावीळ गोळ्या संपल्यावर कित्येक आठवड्यांनीही उगवते, अंगाला खाज घेऊन. तेव्हा कुणालाच जुनी गोळी आठवत नाही. म्हणून म्हणते, पाकिटं फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या.

काढ्याबद्दल आपल्याकडे बोलणं नाजूक असतं, तरी बोलते. धने-जिरे-आल्याचा कषाय प्या, खुशाल. त्यावर माझा काहीच आक्षेप नाही, मीही पिते. पण कोविडच्या काळात रोज गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना लिव्हरची सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि वाद अजून मिटलेला नाही. वादात कोण जिंकतं त्याची वाट तुमच्या यजमानांच्या लिव्हरने पाहायची गरज नाही. एन्झाइम चढलेले असताना गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल (भाजीतली हळद नव्हे), ताकदीची चूर्णं, सगळं बंद. आकडे उतरल्यावर हवं तर पाहू.

आता तिसरी शक्यता, आणि गोव्यात पावसाळ्यात ही मी कधीच सोडत नाही: तो ताप फ्लूचाच होता का? नाकातला स्वॅब केलेला नाही. घरात एकामागून एक तिघं पडले, सगळ्यांना खोकला आणि घसा, ही फ्लूच्या बाजूची भक्कम साक्ष आहे. डेंग्यू आणि लेप्टो (तुंबलेल्या पाण्यातून, चिखलातून होणारा ताप) खोकल्यातून पसरत नाहीत. पण घरात फ्लू असताना एखाद्याला दुसरंच काही होऊ शकतं. म्हणून मी यजमानांना विचारेन: ताप यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत शेतात, कुळागरात, तुंबलेल्या गटारात अनवाणी उतरला होता का? पोटऱ्या दाबल्यावर ओरडायची वेळ आली का? डोळे चिपड न येता लालबुंद झाले का? लघवी कमी झाली का? यातलं काही असेल तर लेप्टोस्पायरोसिस. त्याची चाल वेगळी: बिलिरुबिन खूप चढतं, एसजीपीटी मात्र दोनशेच्या आसपास रेंगाळतं, आणि किडनी ओढली जाते. लेप्टोवर साधी, स्वस्त प्रतिजैविकं आहेत, पण वेळेवर दिली तर. डेंग्यूत एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त वाढतं आणि प्लेटलेट उतरतात. मलेरिया, स्क्रब टायफस यांच्याही लिव्हरवर खुणा उमटतात. तुमच्या रिपोर्टच्या कागदावर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आहे का ते लिहिलेलं नाही. नसेल तर प्लेटलेट आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तेवढं करून घ्या. दोन्ही नॉर्मल असतील, ताप गेलेला असेल आणि भूक परतत असेल तर ही यादी मी मिटवेन.

हाच प्रश्न तुम्ही काजूच्या हंगामात सत्तरीतून विचारला असता तर माझं पहिलं बोट माकडतापाकडे गेलं असतं. तोही 'फ्लूसारखा'च सुरू होतो आणि एन्झाइम वाढवतो, पण तो गोचिडीच्या चाव्याने होतो. जुलैत, फोंड्यात, खोकल्याबरोबर तो संभवत नाही.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त वेळा सापडते. लिव्हर फ्लूच्या आधीपासूनच दमलेलं असतं, तपासलेलं नसतं इतकंच. यजमान कारखान्यात आहेत म्हणता, तर कंपनीची वार्षिक तपासणी होत असणार. मागच्या वर्षीचा कागद कपाटात असेल, तो शोधा. माझ्याकडे वेर्ण्याच्या एका कारखान्यातले गृहस्थ अशाच तापानंतर दीडशेचं एसजीपीटी घेऊन आले होते, चेहरा उतरलेला. बायकोने पिशवीतून जुनी फाइल काढली. दोन वर्षांपूर्वी 88, गेल्या वर्षी 94, दोन्ही वेळा पेनाने गोल केलेलं, आणि दोन्ही वेळा कुणी वळून पाहिलेलं नाही. फ्लूने फक्त वर भर घातली होती. सोनोग्राफीत चरबीचं लिव्हर निघालं. 58 किलोच्या माणसाला फॅटी लिव्हर कसं, असं विचाराल. बारीक अंगाच्या, पण पोट सुटलेल्या माणसांनाही ते असतं. आणि ते 'थोडी' म्हणजे नक्की किती, हे तुम्ही नाही, त्यांनी स्वतः डॉक्टरला सांगायला हवं. बायकोसमोर तो आकडा निम्मा होतो, हा माझा अनुभव आहे. आकडे पूर्ण उतरेपर्यंत बिअर, फेणी काहीच नको, औषधापुरतीही नको. सर्दीवर गरम पाण्यातून फेणी देणारी मंडळी अजून आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

याच निमित्ताने एकदा हेपेटायटिस बी आणि सी ची तपासणी करून टाका. बी वर्षानुवर्षं गप्प बसून असतो आणि असाच एखाद्या तापाच्या रिपोर्टमधून अचानक हाती लागतो.

काहींना वेगळाच अनुभव येतो, म्हणून जाता जाता. ताप आला किंवा उपास घडला की डोळे किंचित पिवळे होतात, बिलिरुबिन दोन-अडीच, एन्झाइम मात्र नॉर्मल, आणि वाढलेलं बिलिरुबिन 'इनडायरेक्ट' प्रकारचं. हा गिल्बर्ट सिंड्रोम, जन्मजात ठेवण. त्याला औषध नाही आणि लागतही नाही.

गावठी औषधाचं. मला ठाऊक आहे, 'अमक्याच्या औषधाने तमका उठून बसला' हे गावात प्रत्येकाने ऐकलेलं असतं. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे त्या मुदतीत ज्याने काहीही दिलं त्याच्या नावावर यश जमा होतं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, ती करामत हाताला आधी चोळलेल्या रसाची. तेवढ्यावर थांबलं तर माझी हरकत नाही. पण पोटात काय जातं ते देणारा सांगत नाही, आणि आधीच दुखावलेल्या लिव्हरला अनोळखी पाला वाटून देणं मला धोक्याचं वाटतं. असं औषध घेतल्यावर बिघडलेली माणसं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला (जीएमसी) पाठवायची वेळ माझ्यावर आलेली आहे. यजमानांना तर कावीळच नाही. बऱ्या होणाऱ्या माणसाला हे कशाला? लिव्हर टॉनिकच्या बाटलीने नुकसान सहसा होत नाही, फायदाही मी पाहिलेला नाही. परत घेत असेल तर केमिस्टला परत करा आणि त्या पैशांचे बांगडे आणा.

हो, बांगडेच. फोडणी बंद करायची काही गरज नाही. आजारातून उठलेल्या लिव्हरला प्रथिनं आणि पोटभर जेवण हवं असतं. पहिले दोन दिवस पेज आणि भाजलेला पापड एवढंच जात असेल तर तेवढंच द्या. भूक आली की शीत-कडी, हुमण, डाळ, अंडं, नेहमीचं सगळं. तळण थोडं कमी ठेवा, ते पचायला जड म्हणून. रस्त्यावरचा उसाचा रस मात्र नको. काविळीवर रामबाण म्हणून लोक तो पाजतात आणि पावसाळ्यात त्याच्या बर्फातूनच कावीळ 'ए' घरी येऊ शकते.

पुढचं वेळापत्रक मी असं ठेवेन. आता पीटी-आयएनआर, सीबीसी, क्रिएटिनिन, आणि बी-सी. एसजीपीटी-एसजीओटी दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा. रोज किंवा दोन दिवसांआड तपासून काही हाती लागत नाही, 168 चं 174 झालं की घरात फक्त झोप उडते. तीन आठवड्यांत आकडा निम्म्याच्या खाली आला तर दिशा बरोबर. दीड-दोन महिन्यांनीही चढलेलाच असेल तर कारण फ्लू नाही, मग सोनोग्राफी आणि पुढचा शोध. मधल्या काळात डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली, किंवा माणूस भलतंच बरळायला लागला, दिवसा झोपून राहायला लागला, तर फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा थेट जीएमसीला जा. बरळणं आणि गुंगी ही लिव्हर खरंच थकल्याची खूण आहे. त्यासाठी सकाळची वाट पाहायची नाही.

राहिला मुलाचा प्रश्न. तो नऊ वर्षांचा आहे, ताप गेलाय, खेळतोय, तर त्याचं रक्त तपासू नका. कदाचित त्याचंही एसजीपीटी साठ-सत्तर निघेल आणि तुम्ही आणखी महिनाभर काळजीत घालवाल. तुम्ही विचारलंत, आजोबांची हृदयाची ॲस्पिरिनची गोळी अर्धी करून तापावर दिली तर चालेल का. नाही, अजिबात नाही. फ्लू किंवा कांजिण्या असलेल्या मुलाला ॲस्पिरिन दिलं तर राय सिंड्रोम नावाचा आजार होऊ शकतो. लिव्हरमध्ये चरबी साचते, मेंदूला सूज येते, आणि मूल बरं होतंय असं वाटत असतानाच उलट्या सुरू होतात. 1963 मध्ये ऑस्ट्रेलियात त्याचं पहिलं नीट वर्णन झालं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने मुलांना ॲस्पिरिन देऊ नका असं बजावल्यावर तिथे तो जवळजवळ नाहीसाच झाला. मुलाला ताप असेल तर वजनावर मोजून पॅरासिटामॉल, एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत निदान चार-सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरपच्या बाटलीवर 125 आहे की 250 ते आधी वाचा, कारण पाच मिलीत दुप्पट औषध जाण्याची चूक नेमकी तिथेच होते. आणि आजोबांच्या गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवा.